पिंजऱ्यांतील अंडें

पक्ष्यास संस्कृतांत ‘द्विज’ म्हणतात; त्याचा एक जन्म अंड्याच्या रूपानें, दुसरा अंड्यांतून. आमच्या सेनगांवच्या घरांतील अशा एका द्विजानें गेल्या उन्हाळ्यांत आम्हांस चांगलाच धडा शिकविला. नातवानें हौसेनें पाळलेला, करड्या रंगाचा व डोक्यावर तुरा मिरविणारा कॉकटील जातीचा विदेशी पोपट घरांत ‘राघू’ या नांवानें नांदत होता. एके सकाळीं या राघूनें अंडें घातलें!

आमच्या ज्येष्ठ भगिनी आक्का कडक सोंवळ्याच्या. त्यांनीं तें अंडें तत्काळ बाहेर टाकविलें. एक दिवसाआड दुसरें आलें, तेंहि टाकलें. असें करतां करतां अकरा अंडीं झालीं, आणि एके दिवशीं राघूबाई पिसें फुलवून पिंजऱ्याच्या तळाशीं निपचित बसल्या. बारावें अंडें पोटांत अडकलें होतें. पशुवैद्यांनीं ऊब व चुन्याचें औषध देऊन प्राण वाचविले. मग आमचें चुकलें कोठें तें सांगितलें.

कोंबडीप्रमाणें पोपटाची मादीहि नरावांचून अंडीं घालते. तीं निर्जीव असतात. चार ते सहा अंडीं झालीं म्हणजे ती सुमारें तीन आठवडे उबवीत बसते व पुढें घालणें थांबतें. मात्र अंडीं काढून घेतलीं, तर उणीव भरून काढण्यासाठीं ती घालीतच राहते. प्रत्येक कवचाचा चुना तिच्या हाडांतून खर्ची पडतो. तो सरला म्हणजे स्नायू दुबळे होतात व अंडें अडकतें.

म्हणून वाचकांनीं इतकें ध्यानांत ठेवावें. अंडीं तिच्यापाशीं राहूं द्यावींत; कंटाळून तिनें सोडलीं म्हणजे मग काढावींत. लांब दिवस, मुबलक मऊ खाणें व अंधारा कोपरा ही तिला विणीच्या ऋतूची खूण वाटते. यासाठीं उजेड दहा तासांहून अधिक नसावा. आरसा व खोकें काढून घ्यावें. पाठीवरून हात फिरवूं नये. पिंजऱ्यांत समुद्रफेन टांगावा, शेवग्याचा पाला द्यावा, कोंवळें ऊन लागूं द्यावें. पक्षी कुंथूं लागला, तर पोट दाबण्याचा घरगुती उपाय न करतां त्याच दिवशीं पशुवैद्य गांठावा.

एक गोष्ट आणखी. आपला देशी हिरवा पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें पाळतां येत नाहीं. त्याची जागा झाडावरच.

या वर्षीं राघूबाईंनीं पांच अंडीं घातलीं. तीं निर्जीव आहेत, हें आक्कांस पटवून द्यावें म्हणून मी शब्दांची जुळवाजुळव करीत होतों. दिवेलागणीस पाहतों तों आपल्या जुन्या लुगड्याचा पदर त्यांनीं पिंजऱ्यावर घातलेला! मला म्हणाल्या, “हळू बोल रे. बसली आहे ती.”