कोठार आहे, कोठावळा कोठे?

धान्याचे कोठार बांधणे सोपे, ते राखणे कठीण. ओल, उंदीर आणि आग यांपासून दाणा वाचविणारा कोठावळा हा कोठाराच्या भिंतींहून अधिक मोलाचा, हे आपल्या वाडवडिलांस पक्के ठाऊक होते. आजच्या युगाची कोठारे म्हणजे डेटा सेंटर. नवी मुंबईत ऐरोली, महापे आणि पुढे पनवेलपर्यंत ही अजस्र संगणकगृहे उभी राहिली आहेत. अहिल्यानगरच्या वाचकास हा विषय परका वाटेल. परंतु तो परका नाही. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. अकोले असो वा जामखेड, शेतकऱ्याच्या जमिनीची नोंद आज अशाच यंत्रांच्या स्वाधीन आहे. कोठार बुडाले, तर दाणा आपला जाणार आहे.

ही भीती काल्पनिक नव्हे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्या हलविण्याच्या कामात आग लागली आणि ७०९ शासकीय सेवा ठप्प झाल्या. शासकीय कर्मचाऱ्यांच्या कागदपत्रांचा ८५८ टेराबाइटचा साठा नष्ट झाला. कारण त्याची दुसरी प्रत अन्यत्र ठेवलेलीच नव्हती. यंत्रविद्येत अग्रेसर असलेल्या देशाची ही कथा. तेथे यंत्र उणे नव्हते. व्यवस्था उणी होती.

व्यवस्थेची खरी कसोटी वीज, उष्णता आणि पाणी या त्रयीत आहे. संगणक जेवढी वीज खातो, तेवढी जवळजवळ सर्व उष्णतेच्या रूपाने परत देतो. ती बाहेर काढण्यास पुन्हा वीज लागते. एकूण विजेला संगणकांच्या विजेने भागले की कार्यक्षमतेचा आकडा निघतो. आदर्श आकडा एक. जगाची सरासरी मात्र कैक वर्षे दीडच्या थोडी वरच घुटमळते आहे. पाण्याचे बाष्पीभवन करून यंत्रे थंड केली, तर वीज वाचते, पण पाणी जाते. जायकवाडीला पाणी सोडण्यावरून दर तुटीच्या वर्षी तंटा पाहणाऱ्या जिल्ह्याला या सौद्याची किंमत समजावून सांगावयास नको.

पुष्कळसा अपव्यय मात्र निव्वळ हलगर्जीचा असतो. यंत्रांत शिरणारी हवा १८ ते २७ अंशांपर्यंत चालते, असे या शास्त्रातील जाणते सांगतात. तरी भीतीपोटी दालने त्याहून गार ठेवली जातात. थंड व गरम हवेचे मार्ग वेगळे न राखल्याने दोन्ही एकमेकींत मिसळतात. काम संपलेली यंत्रे कोणी बंद करीत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई-ठाण्याची वीज गेली, तसा प्रसंग पुन्हा येईल तेव्हा डिझेलचे जनित्र चालेल की नाही, हे आधीच्या नियमित चाचणीवर ठरणार आहे. त्याच्या किमतीवर नव्हे.

यावर उपाय आपल्याच जिल्ह्याने शिकविला आहे. हिवरे बाजार दरवर्षी पडलेला पाऊस मोजतो, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतो आणि मग पिके ठरवितो. साखर कारखान्यांचे गाळप आणि उतारा हंगामात जाहीर होतो. त्याने कोणत्याही कारखान्याचे गुपित फुटले नाही, उलट ढिला कारभार मात्र उघडा पडला. मग डेटा सेंटरचा उतारा गुलदस्त्यात का असावा?

आमची मागणी साधी आहे. सार्वजनिक माहिती सांभाळणाऱ्या प्रत्येक डेटा सेंटरने वीज, पाणी व कार्यक्षमतेचा वार्षिक हिशेब प्रसिद्ध करावा. प्रत्येक नोंदीची प्रत दूरच्या गावी असावी आणि त्या प्रतीवरून कारभार पुन्हा उभा राहतो, हे दरसाल करून दाखवावे. ही जबाबदारी कंत्राटाच्या मुदतीबरोबर बदलणाऱ्या अनोळखी हातांवर न टाकता उत्तरदायी, प्रशिक्षित अधिकाऱ्यावर टाकावी.

सरकार नव्या गुंतवणुकीचे आकडे अभिमानाने सांगते, ते सांगावेत. परंतु कोठाराची कोनशिला बसविणाऱ्या हातांनी कोठावळ्याची नेमणूकही करावी. ती न करता आपल्या सातबाऱ्याची किल्ली मागण्याचा नैतिक अधिकार कोणत्याही शासनास पोहोचत नाही.