फोनची बॅटरी ६ हजार एमएएचची झाली, पण टिकणार किती? समजून घ्या सिलिकॉनची भानगड

सॅमसंगचा २०२० मधला गॅलेक्सी एस२० अल्ट्रा ५ हजार एमएएच बॅटरीसह आला होता. जानेवारी २०२५ मध्ये आलेला एस२५ अल्ट्राही ५ हजारांवरच थांबला. त्याच महिन्यात भारतात आलेल्या वनप्लस १३ मध्ये मात्र ६ हजार एमएएच, आणि तरी फोन जाडजूड नाही. याचं श्रेय जाहिरातीत 'सिलिकॉन-कार्बन'ला दिलं जातं. हे नेमकं आहे काय?

बॅटरी चार्ज होताना लिथियमचे आयन ॲनोडमध्ये, म्हणजे ऋण टोकाच्या थरात, जाऊन बसतात. हा थर सहसा ग्राफाइटचा असतो. त्यात एका लिथियमला जागा द्यायला कार्बनचे सहा अणू लागतात. सिलिकॉनचा एकच अणू जवळपास चार लिथियम सामावून घेतो. ग्रॅममागे हिशेब केला तर ग्राफाइट ३७२ एमएएच, सिलिकॉन साडेतीन हजारांच्या आसपास.

मग इतकी वर्षं ते वापरलं का नाही?

कारण ते फुगतं. लिथियम भरलं की ग्राफाइट साधारण १० टक्के वाढतं, सिलिकॉन मात्र तिपटीहून जास्त. (जुन्या फोनची बॅटरी फुगून मागचं कव्हर उघडतं तो प्रकार वेगळा, तिथे आत वायू साठलेला असतो.) रोज फुगायचं, रोज आकसायचं, म्हणजे कणांना तडे जाणारच.

इथे नॅनो तंत्रज्ञान कामाला आलं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या यी चुई यांच्या गटाने २००८ च्या सुमारास सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म तारांचा ॲनोड करून दाखवला. तारांच्या मधल्या मोकळ्या जागेत फुगायला वाव मिळाला. पुढे दिसलं की साधारण १५० नॅनोमीटरपेक्षा लहान कण फुगूनही फुटत नाहीत.

पण एक दुखणं उरलंच. कण जितके बारीक, तितका एकूण पृष्ठभाग जास्त. त्यावर इलेक्ट्रोलाइटमुळे एक पापुद्रा तयार होतो. कण हलला की तो फाटतो, पुन्हा तयार होतो आणि दरवेळी थोडं लिथियम कायमचं खातो. म्हणून सिलिकॉन कार्बनच्या वेष्टनात किंवा सच्छिद्र कार्बनमध्ये बसवतात. 'सिलिकॉन-कार्बन' म्हणतात ते हेच. ऑनरने २०२३ मध्ये चीनमधल्या मॅजिक५ प्रोमध्ये ते आणलं.

यात राजकारणही आहे. बॅटरीच्या ग्राफाइटवर चीनचा जवळपास एकछत्री ताबा आहे आणि डिसेंबर २०२३ पासून त्याने निर्यातीला परवाना सक्तीचा केला. त्यामुळे अमेरिकी कंपन्याही सिलिकॉनकडे वळल्या आहेत.

ग्राहकासाठी कळीचा प्रश्न टिकाऊपणाचा. युरोपीय संघात जून २०२५ पासून फोनच्या बॅटरीत ८०० चार्ज सायकलनंतर किमान ८० टक्के क्षमता उरायलाच हवी. नवा फोन घेताना एमएएचच्या मोठ्या आकड्याखाली हा छोटा आकडा छापलाय का, ते आधी बघा.