हिशेबाची वही : इसार पावतीवरचा धंदा

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. रविवारची वंदना आटोपली आणि वस्तीतला एक तरुण विहाराच्या पायरीवर आमच्याजवळ येऊन बसला. बारावी झालेला, तीन वर्षे कंत्राटी कामावर राबलेला.

“जयभीम काका. नोकरीच्या मागे फिरून थकलो. आता जमिनीच्या धंद्यात पडतो. भांडवल लागतच नाही म्हणे.”

मोबाईलवर त्याने अमेरिकेतल्या कुणाचे तरी भाषण ऐकले होते. तिकडे याला ‘होलसेलिंग’ म्हणतात. अडचणीतला घरमालक गाठायचा, त्याच्याशी कमी भावाचा करार करायचा आणि घर स्वतः न घेता तो करारच दुसऱ्या गिऱ्हाइकाला चढ्या भावाने द्यायचा. मधला फरक आपला.

नाव नवे, धंदा जुनाच. आपल्याकडे तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधक कचेरीसमोर चहाच्या टपरीवर बसणारी मंडळी वर्षानुवर्षे हेच करतात. मालकाला इसार द्यायचा, सहा महिन्यांची मुदत घ्यायची आणि पावतीत एक ओळ घालून ठेवायची, ‘खरेदीखत लिहून घेणार यांच्या किंवा ते सांगतील त्यांच्या नावे करून द्यावे.’ सगळी गोम या ओळीत आहे. मालकाला वाटते, समोरचा माणूस जमीन घेतो आहे. तो घेतच नसतो.

आम्ही वही काढली. “पहिला व्यवहार कुठला?”

त्याच्या आईची चुलती गावी असते. रस्त्याकडेला तिची 20 गुंठे जमीन. भाव ठरला गुंठ्याला 1 लाख, म्हणजे 20 लाख. शहरातली पार्टी दीड लाखाने, म्हणजे 30 लाखांना घ्यायला तयार. फरक 10 लाख. इसाराचा 1 लाख वडिलांच्या फंडातून काढायचा.

“पार्टी फिरली तर?”

“मग इसार बुडेल.”

“म्हणजे भांडवल लागत नाही हे खोटे. लागते, आणि ते तुझ्या बापाच्या घामाचे आहे. बरे, आजीला दीड लाखाचा भाव ठाऊक आहे?”

पोरगा खाली बघू लागला.

“जमीन कसली?”

“वतनाची.”

आमच्या पोटात धस्स झाले. महार वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात बिल मांडले. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली, गावकीची चाकरी सुटली आणि सरकारी रक्कम भरून जमिनी वतनदारांना परत देण्याची तरतूद झाली. ज्यांना तेवढीही जमीन नव्हती त्यांच्यासाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले. हजारो माणसे तुरुंगात गेली. अशी जमीन आज आपलाच पोरगा आपल्याच आजीकडून भाव लपवून काढून घेणार!

आमच्या घरातही हे घडले आहे. आमच्या आत्याचा वतनाचा तुकडा असाच इसार पावतीवर गेला. मधला माणूस परका नव्हता, आपल्याच समाजाचा होता. आत्याच्या हाती पडले इसाराचे पैसे. पुढची पंधरा वर्षे तिने कोर्टाच्या तारखा मोजल्या.

म्हणून ज्या तरुणांना या धंद्यात यायचे आहे त्यांनी आधी चार गोष्टी शिकाव्यात.

पहिली, सातबारा वाचणे. भोगवटादार वर्ग 1 की वर्ग 2 ते पाहावे. ‘इतर अधिकार’ रकान्यात कर्जाचा बोजा, कूळ, वतनाची शर्त काय आहे ते पाहावे. वतनाची वर्ग 2 ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून आणि लागू असलेला नजराणा भरल्यावाचून विकली तर शर्तभंग होतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. मग विकणाराही बुडतो, घेणाराही. जुने फेरफार काढून वारस मोजावेत. लेकींनाही हिस्सा आहे. त्यांच्या सह्यांशिवाय झालेला व्यवहार पुढे हमखास कोर्टात जातो.

दुसरी, कागदाची किंमत ओळखणे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे नुसत्या विक्रीच्या करारामुळे मालकी मिळत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. मुखत्यारपत्रावर ‘विकत घेतले’ म्हणणेही व्यर्थ, हे सुप्रीम कोर्टाने 2011 साली स्पष्ट केले आहे. शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते. शहरातली पार्टी शेतकरी नसेल तर तिथेच गाडी अडते.

तिसरी, परवाना. बिल्डरच्या नोंदणीकृत प्रकल्पातले फ्लॅट किंवा प्लॉट विकून द्यायचे तर महारेराकडे एजंट म्हणून नोंदणी लागते. 2023 पासून महारेराने त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आणली आहे. ही परीक्षा आपल्या मुलांनी जरूर द्यावी. आणि ज्या अमेरिकेचे भाषण ऐकून आपली पोरे हुरळतात, तिथल्या इलिनॉय राज्यानेही 2019 साली कायदा करून वर्षात एकाहून अधिक असे व्यवहार करणाऱ्याला परवाना सक्तीचा केला.

चौथी गोष्ट कुठल्या परीक्षेत विचारत नाहीत. तथागतांनी उपासकांना वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष आहे, जमीन नाही. तेव्हा जमिनीची दलाली करण्यात कमीपणा नाही. पण सम्यक आजीविका म्हणजे नुसते वर्ज्य व्यापार टाळणे नव्हे. समोरच्याला भाव ठाऊक नाही एवढ्यावरच जो नफा उभा आहे, तो दुसऱ्या शीलाला धरून कसा म्हणावा? त्यापेक्षा दोन्ही बाजूंना खरा भाव सांगावा, आपली दलाली पावतीवर उघड लिहावी. 30 लाखांवर दोन टक्के धरले तरी 60 हजार होतात. ते घेऊन आजीच्या दारातून ताठ मानेने बाहेर पडता येते.

पोरगा काही न बोलता उठून गेला. रागावला असावा असे आम्हाला वाटले.

परवा तो पुन्हा आला. आजीला घेऊन तलाठ्याकडे जाऊन आला होता. सातबाऱ्यावर सात वारस निघाले आणि वर्ग 2 चा शेरा. आजीला त्याने खरा भाव सांगितला. ती म्हणाली, “आधी लेकींना विचारते.” व्यवहार तिथेच थांबला आहे.

“दहा लाख गेले काका,” तो म्हणाला.

गेले खरे. पण ते त्याचे नव्हतेच. वडिलांचा फंड मात्र बँकेत शाबूत आहे आणि पोराने महारेराच्या परीक्षेचा फॉर्म आणला आहे. तो भरायला आम्ही रविवारी बसणार आहोत. आणखी कुणाला यायचे असेल तर वंदनेनंतर यावे. येताना घरातला सातबारा जरूर आणावा.

जयभीम.