बँकांसाठी बांधलेलं कॅनरी वॉर्फ आता पाहुण्यांना का बोलावतंय?

लंडनच्या एलिझाबेथ लाइनवरचं कॅनरी वॉर्फ स्टेशन. त्याच्या छतावर चक्क बाग आहे. शून्य रेखावृत्त जवळूनच जातं, म्हणून बागेच्या एका बाजूला पूर्व गोलार्धातली झाडं आणि दुसऱ्या बाजूला पश्चिम गोलार्धातली. तिकीट नाही. बाहेर पडलात की गोदीच्या पाण्यात तरंगती हिरवी बेटं दिसतात. 'ईडन डॉक' नावाचा हा भाग २०२४ मध्ये खुला झाला. जवळच्याच पाण्यात लोक पैसे भरून पोहतात. हिवाळ्यात रोषणाईचा महोत्सव असतो, तोही फुकट.

गंमत अशी की ही जागा पर्यटकांसाठी बांधलेलीच नव्हती. बांधली होती बँकांसाठी. मग एवढी सरबराई कशाला?

आधी साखर, मग काच

इथे १८०२ मध्ये वेस्ट इंडिया डॉक्स सुरू झाले. कॅरिबियन बेटांवर गुलामांच्या श्रमातून तयार झालेली साखर इथे उतरायची. या गोद्यांसाठी पुढाकार घेणारा रॉबर्ट मिलिगन स्वतः गुलामांचा मालक होता. त्याचा इथला पुतळा जून २०२० मध्ये हटवला गेला.

कंटेनरवाहू मोठी जहाजं आली आणि जुन्या गोद्या निकामी ठरल्या. १९८० मध्ये त्या बंद झाल्या, हजारोंचा रोजगार आधीच गेला होता. पुढच्या वर्षी थॅचर सरकारने या भागासाठी वेगळं विकास महामंडळ स्थापन केलं, मग करसवलतीही दिल्या. कॅनडाच्या ऑलिम्पिया अँड यॉर्क कंपनीने इथे ५० मजली 'वन कॅनडा स्क्वेअर' उभारला, १९९१ मध्ये. पुढच्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत! ऑफिसं रिकामी होती, आणि भुयारी रेल्वेची ज्युबिली लाइन पोहोचायला १९९९ उजाडलं.

थोडक्यात, 'कॅनरी वॉर्फचं आता काही खरं नाही' हे लंडनकर पहिल्यांदा ऐकत नाहीयेत.

या वेळी काय झालं?

पहिला धक्का ब्रेक्झिटचा. युरोपियन महासंघाची औषध नियामक संस्था इथे होती, ती २०१९ मध्ये ॲमस्टरडॅमला गेली. तिचा भाडेकरार होता २०३९ पर्यंतचा. ब्रेक्झिटमुळे करार निरर्थक झाला, असा दावा तिने केला. कोर्टाने तो फेटाळला.

मग कोविड आणि घरून काम. जून २०२३ मध्ये एचएसबीसीने आपला ४५ मजली टॉवर सोडून सेंट पॉल्स कॅथेड्रलजवळच्या बऱ्याच लहान इमारतीत जायचं ठरवलं. फक्त ऑफिसांवर पोट भरणाऱ्या भागाचं असं होतं: बँक गेली की दुपारी सँडविच घेणारं गिऱ्हाईकही जातं. म्हणून आता घरं, प्रयोगशाळा, हॉटेलं आणि फिरायला येणारी माणसं यांच्यावर भर आहे.

अर्थात, मृत्युलेख लिहायची घाई नको. नवी इमारत अपुरी पडणार म्हटल्यावर एचएसबीसीने कॅनरी वॉर्फमध्येच दुसरीकडे जागा घेतली. जेपी मॉर्गननेही नोव्हेंबर २०२५ मध्ये इथे नवा प्रचंड टॉवर बांधण्याची योजना जाहीर केली.

चौक कुणाचा?

फिरताना एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. इथले रस्ते, चौक, बागा बहुतांश खासगी मालकीच्या आहेत. मालक कॅनरी वॉर्फ ग्रुप, आणि तो ब्रुकफील्ड व कतारच्या सरकारी गुंतवणूक निधीच्या हातात. झाडलोट चोख, सुरक्षारक्षक खासगी, नियमही कंपनीचे.

फोटो काढत फिरणाऱ्याला याने फरक पडत नाही. निदर्शनं करणाऱ्याला पडतो. २०११ मध्ये 'ऑक्युपाय लंडन' आंदोलनाच्या काळात कंपनीने हायकोर्टातून आंदोलकांविरुद्ध मनाई हुकूम मिळवला होता, तेही बँकांविरुद्धचं आंदोलन बँकांच्या दारात पोहोचायच्या आधीच. तेव्हा इथे लोक फक्त कामाला यायचे. आता टॉवरमध्ये कुटुंबं राहतात, आणि त्यांच्या दारासमोरच्या रस्त्यावरही हाच नियम आहे.

जाणार असाल तर सुरुवात टॉवरपासून करू नका. गोदीच्या काठावर साखरेच्या काळातलं एक विटांचं गोदाम शिल्लक आहे. त्यात लंडन म्युझियम डॉकलँड्स आहे, प्रवेश मोफत. आधी ते बघा, मग काचेकडे वळा.