द्राक्षांना गारवा, आजीला पत्रा

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. दुपारचे पावणेतीन. मी खालच्या खोलीत पंख्याखाली बसून ‘समरमध्ये कूल कसं राहाल?’ या विषयावर आठशे शब्द पाडत होते. तेवढ्यात वर जिन्यापाशी धप्प असा आवाज झाला. धावत गेले, तर आजी वरच्या पायरीवर भिंतीला टेकून बसलेली. “काही नाही गं, जरा गरगरलं,” म्हणाली. हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं.

डॉक्टर म्हणाले, ऊन बाधलंय, पाणी कमी पडलंय. या वयात घाम कमी येतो, तहानही नीट कळत नाही. मग त्यांनी विचारलं, “या दुपारी कुठं झोपतात?” आई म्हणाली, “वरच्या खोलीत.” “वर काय आहे?” “पत्रा.” डॉक्टरांनी पुढे काही विचारलं नाही. मला मात्र कुठंतरी खोल लागलं.

त्याचं कारण सांगते. आमचं घर पंचवटीत. म्हणजे टुरिस्ट जिथं फोटो काढतात आणि आपल्याला पार्किंग मिळत नाही, ती पंचवटी. पणजोबांच्या वेळचा वाडा. आमच्या वाट्याला खाली दोन खोल्या आणि वर एक. खालच्या भिंती दोन फूट जाड. त्यातून मोबाइलची रेंज येत नाही, पण ऊनही येत नाही. त्यातली एक खोली आजीची होती. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मला वर्क फ्रॉम होमसाठी शांत जागा हवी झाली. आजी म्हणाली, “घे गं माझी. मला काय, दुपारी पाठ टेकण्यापुरती जागा हवी.” आणि ती वर गेली. लॉकडाऊन उठला. खोली मी परत केली नाही. कुणी मागितलीही नाही.

तुमच्याही घरात बघा एकदा. सगळ्यात गरम खोली कुणाला मिळालीय?

दोन टनाचा एसी, चाळीस किलोची आजी

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच. एसी, झीरो डाउन पेमेंट, बारा हप्ते. दुकानातला मुलगा खोली बघायला आला, वर पाहिलं आणि म्हणाला, “पत्रा आहे ना मॅडम, दोन टन लागेल.” दोन टन! खोली दहा बाय बाराची आणि आजी चाळीस किलोची. आजीनं तर जाहीरच करून टाकलं, “त्या गार वाऱ्यानं माझे सांधे धरतात. लावा आणि तुम्हीच झोपा.”

त्याच रविवारी इंग्लंडमधल्या मावसभावाचा व्हिडिओ कॉल. लेस्टरला १९३० च्या दशकातलं जुनं घर घेतलंय त्यानं. म्हणाला, “अगं, तुम्ही इन्सुलेशन करा. इथं सगळे करतात.” त्याच्या घराच्या बाहेरच्या भिंती दुहेरी आहेत, मध्ये दोन-तीन इंचांची पोकळी. कामगार आले, भिंतीला बाहेरून ठराविक अंतरावर भोकं पाडली, त्यातून थर्मोकोलचे मणी पाइपनं आत सोडले आणि भोकं बुजवली. वरच्या लॉफ्टमध्ये लोकरीसारखा थर पसरला, २७० मिलिमीटर जाड. तिकडची तशी शिफारसच आहे. म्हणजे जवळजवळ फूटभर जाडीची गोधडी!

मी म्हटलं, “राजा, आमच्याकडे ना लॉफ्ट, ना भिंतीत पोकळी.” बाबा शेजारीच पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, “लॉफ्ट होता. मीच काढला.”

माळा गेला, पत्रा आला

वरच्या खोलीवर पूर्वी नळीची कौलं होती. कौलांखाली माळा आणि माळ्याखाली सागवानी फळ्यांची तक्तपोशी. माळ्यावर आजीच्या लग्नातले हंडे, गव्हाची पोती, जुन्या गाद्या, गणपतीची आरास आणि जे टाकवत नाही ते सगळं. ऊन कौलांवर पडायचं, कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जायची, आणि उरलेली उष्णता त्या पसाऱ्यात आणि कोंडलेल्या हवेत अडकायची. कुणी त्याला इन्सुलेशन म्हणत नव्हतं, एवढंच.

मग दर वर्षी पावसाआधी शाकारणी करायला माणसं मिळेनात. गळती, उंदीर, वाळवी. बाबांनी कौलं उतरवली, तक्तपोशी विकली आणि लोखंडी पत्रा टाकला. “तेव्हा गल्लीत सगळे बघायला आले होते,” बाबा म्हणाले. त्या आवाजात अभिमान अजून थोडा शिल्लक होता. मी त्यांना दोष देणार नाही. पत्रा गळत नव्हता. पण मेच्या उन्हात उघडा पत्रा साठ अंशांच्या वर सहज तापतो आणि खाली झोपलेल्या माणसाकडे दिवसभर ती आच फेकत राहतो.

यात नाशिकचा भूगोलही आहे. आपण साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर. त्यामुळे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. तो शून्य सावलीचा दिवस, खांबाला सावलीच पडत नाही! अशा दिवसांत भिंतींवर ऊन तिरकं, थोडा वेळ पडतं. छत मात्र सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत सगळं झेलतं. म्हणून आपल्याकडे पैसे आधी छतावर घालायचे, मग भिंतींवर.

पिंपळगावचे काका

काम करणारा माणूस मिळवताना घाम निघाला. (तोही आलाच.) फॉल्स सीलिंगवाले डिझाइन दाखवायचे, पेंटवाले डबा विकायचे. शेवटी एका मैत्रिणीनं एका काकांचा नंबर दिला. पिंपळगाव बसवंत, निफाड, दिंडोरी भागात द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजची पॅनेलं बसवायचं काम ते वर्षानुवर्षं करतात. काकांनी वर पाहिलं, पत्र्याला हात लावून पटकन मागे घेतला आणि म्हणाले, “ताई, आम्ही द्राक्ष ठेवतो ना, तिथंही पत्राच असतो. पण दोन पत्रे असतात आणि मध्ये फोम असतो. फरक तेवढाच.”

विचार करा. आपल्या जिल्ह्यात एक्स्पोर्टची द्राक्षं शून्य-एक अंशाला ठेवतात. त्यांच्या खोलीच्या भिंती पफ पॅनेलच्या, दाराला रबराची कड, आत सेन्सर. आणि आजी? एका पत्र्याखाली.

आजीनं विचारलं, “त्या फोमनं गार कसं होतं?” काका म्हणाले, “आजी, गार होत नाही. बाहेरचं आत येत नाही.” आजीनं क्षणभर विचार केला. “म्हणजे बर्फवाला लादी भुशात ठेवतो तसं.” बस्स! इन्सुलेशनचा सगळा फंडा एका वाक्यात. भुसा असो, लोकर असो की थर्मोकोल, काम करते ती आत अडकलेली स्थिर हवा. तिच्यातून उष्णता फार हळू जाते. लेस्टरला ती घराची ऊब बाहेर जाऊ देत नाही, पंचवटीत ऊन आत येऊ देत नाही.

सरकारी भाषेत हेच ‘यू-व्हॅल्यू’. बाहेर-आत एका अंशाचा फरक असेल, तर एक चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता जाते, तो आकडा. जितका कमी, तितकं छत चांगलं. ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सीनं २०१८ मध्ये नव्या घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. त्यात छताचा यू-व्हॅल्यू १.२ पेक्षा जास्त नको, असं म्हटलंय. नुसत्या सिमेंटच्या स्लॅबचा आकडा याच्या दुपटीहून जास्त येतो. तेव्हा गंगापूर रोडच्या टॉप फ्लोअरवाल्यांनी पत्र्याला हसू नये! रात्री दहाला तुमचा पंखा गरम हवा फेकतो ना, ती दुपारभर स्लॅबनं साठवलेली असते.

नक्की काय केलं?

आधी गळती. पत्र्याच्या स्क्रूंचे कुजलेले वॉशर बदलले, कारण भिजलेली लोकर म्हणजे वाया गेलेले पैसे. मग वरून पांढरा, ऊन परतवणारा रंग दोन हात. खाली चार इंच मोकळी जागा सोडून लोखंडी चॅनेलची चौकट. त्या जागेतली गरम हवा निघून जावी म्हणून दोन्ही टोकांना झरोके, त्यांना बारीक जाळी, कारण वाड्यातले उंदीर आमच्याआधीपासूनचे रहिवासी आहेत. चौकटीवर दोन इंच जाड रॉकवूल आणि खालून सिमेंट फायबरचे बोर्ड. थर्मोकोल स्वस्त पडला असता, पण तो पेट घेतो आणि आमचं वायरिंग जुनं. वायरिंगही बदलून पाइपमधून घेतलं. चार दिवस लागले. खर्च चांगल्या एसीपेक्षा थोडा जास्त. माझी लडाख ट्रिप गेली. चालतंय.

भिंतींचं काय? आमच्या भिंती भरीव, पोकळी भरायचा प्रश्नच नाही. भारतात पोकळीची भिंत पाहायची तर केरळात लॉरी बेकरची घरं बघा. १९१७ मध्ये बर्मिंगहॅमला जन्मलेला आणि २००७ पर्यंत तिरुअनंतपुरमला राहिलेला हा आर्किटेक्ट विटा कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवायचा. ‘रॅट ट्रॅप बाँड’ म्हणतात त्याला. विटा साधारण चतुर्थांश वाचतात आणि भिंत कमी तापते. आम्ही फक्त पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक लावली. बाहेरूनच का? कारण आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, चिक दारातच थांबवते.

तुम्ही करणार असाल तर

बजेट नसेल तर नुसता पांढरा रंगही कामाचा. तेलंगणानं २०२३ मध्ये ‘कूल रूफ’चं धोरणच आणलं, त्याच्या मुळाशी हीच साधी कल्पना आहे. मार्चमध्ये गच्ची घासून धुवा, मग रंग मारा. धूळ बसली की परिणाम उतरतो, म्हणून दर वर्षी धुवा.

चमकणारी फॉइल छताला चिकटवून ‘हीटप्रूफ’ म्हणून विकणारे भेटतील. फॉइलच्या चमकत्या बाजूला मोकळी हवा नसेल, तर तिचा उपयोग जवळजवळ शून्य.

जुना वाडा असेल तर वर वजन वाढवू नका. विटांचा कोबा, फरशा हे सगळं स्लॅबसाठी ठीक. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा काढते, ती उगाच नाही. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला तुळया दाखवा. आणि माती-चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नका, आतली ओल आतच कोंडते.

एक गोष्ट मात्र विक्रेते सांगत नाहीत. इन्सुलेशन दोन्ही बाजूंनी काम करतं. उघडा पत्रा रात्री झटकन थंड व्हायचा. आता खोलीत शिरलेली उष्णता सहजासहजी बाहेर पडत नाही. म्हणून खिडक्यांचं टाइमटेबल पाळावं लागतं. सकाळी नऊला बंद, सूर्य मावळला की सताड उघड्या. नाशिकच्या संध्याकाळी अजून तेवढ्या दिलदार आहेत.

आणि निकाल?

काम सुरू व्हायच्या आधी मी खोलीत साधा थर्मामीटर टांगला होता. दुपारी तीनला बाहेर ३९, आत ४१. काम झाल्यावर, शून्य सावलीच्या आठवड्यात, बाहेर पुन्हा ३९ आणि आत ३६. छत्तीस म्हणजे महाबळेश्वर नव्हे. पण पंख्याची हवा अंगाला हवेसारखी लागते, हेअर ड्रायरसारखी नाही. आजी वर आली, बोर्डाकडे बघत म्हणाली, “तक्तपोशीच झाली की परत.” बाबा काही बोलले नाहीत. पण संध्याकाळी खिडक्या उघडायला तेच जातात.

आता प्रश्न उरला, या छत्तीस अंशांची टेस्ट कुणी द्यायची? ज्या माणसाला घाम कमी येतो त्यानं, की जिला फ्रीजपर्यंत चार वेळा उतरता येतं तिनं? त्याच रात्री मी लॅपटॉप, चार्जर आणि पुस्तकांचे तीन खोके वर नेले. आजीची गादी खाली, तिच्या जुन्या खिडकीपाशी.

तिनं एकदाच विचारलं, “तुझ्या कामाचं काय?”

हा कॉलम वरच बसून लिहिलाय. दुपारचे तीन वाजलेत. बरं आहे. खालून आजीच्या घोरण्याचा आवाज येतोय.