खंड्याला जर्मनीला न्यायचंय

"काका, कुत्र्याला विमानातून नेता येतं का?"

जानेवारीत शेजारच्या वस्तीवरच्या पोराने हे विचारलं तेव्हा मी हसलो होतो. आज त्या हसण्याची थोडी लाज वाटते, म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण ज्यांच्या घरातलं कुणी बाहेर जायच्या तयारीत आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

पोरगं नर्सिंग झालेलं. दीड-दोन वर्षं जर्मन शिकत होतं. ए-वन, ए-टू, बी-वन, असं एकेक पायरी चढत बी-टू पास झालं आणि स्टुटगार्टकडच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण पाठवायचे ठरले, तेव्हापासून आपल्याकडे गावोगाव जर्मनीचं बोलणं सुरू आहे. हे पोरगं त्या यादीतून गेलं नाही, स्वतःच्या खटपटीने गेलं. पण हवा तीच. राहात्याच्या बाजारात पूर्वी पेरूचा भाव विचारायचे, आता बी-टूचा निकाल विचारतात.

तर खंड्या. गावठी कुत्रा, तांबूस, एक कान कायम खाली. चार वर्षांपूर्वी पोराने पिल्लू असताना आणला. त्याच्या आधीचं कुत्रं बिबट्याने अंगणातून उचललं होतं. आपल्या पट्ट्यात ज्याच्या घराला ऊस लागून आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. म्हणून खंड्या रात्री पोराच्या खोलीत झोपायचा. बाजेखाली.

मी हसलो, पण मग दोघं मिळून शोधायला बसलो. एका एजंटाला फोन केला. त्याने जो आकडा सांगितला त्यात दावणीला दोन चांगल्या दुभत्या गायी आल्या असत्या. पोराने "बघतो" म्हणून फोन ठेवला. मग नियम स्वतःच वाचायचं ठरवलं.

युरोपीय संघात कुत्रं न्यायचं तर आधी त्याच्या कातडीखाली मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी, त्यात पंधरा आकडी नंबर. त्यानंतर रेबीजची लस. लसीला ३० दिवस झाल्यावर रक्त काढायचं आणि त्यांनी मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. लसीने रक्तात प्रतिकारशक्ती खरंच तयार झाली का, हे ते मोजतात. एका मिलिलिटरला किमान ०.५ युनिट पाहिजे. याला टायटर टेस्ट म्हणतात. पास झालं तरी लगेच जाता येत नाही, रक्त काढल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. सगळं वेळेवर झालं तरी चार महिने गेले. शेवटी निघण्याच्या तोंडावर सरकारी पशुवैद्याचं आरोग्य प्रमाणपत्र, ते पोचायच्या आधीच्या दहा दिवसांतलं लागतं.

यातला क्रम नीट बघा. चिप आधी, लस नंतर. फार तर एकाच दिवशी. आमचं घोडं इथेच पेंड खाल्लं. खंड्याला दरवर्षी शिबिरात लस मिळायची, यंदाही जानेवारीत मिळाली होती. चांगला शिक्का मारलेलं कार्ड होतं. पण चिप नव्हती, म्हणजे ती लस ज्या कुत्र्याला दिली तो हाच, याला पुरावा नाही. कार्डावर फक्त 'तांबडा, नर, वय ४ वर्षे' असं लिहिलेलं. असे तांबडे नर आपल्या एका गल्लीत सहा निघतील. जवळ चिप बसवणारं कुणी सापडेना. शेवटी एका खासगी डॉक्टरकडे गाडी करून नेलं, फेब्रुवारीत चिप, लगेच पुन्हा लस. मार्चमध्ये रक्त. तिथून तीन महिने म्हणजे जून. आणि पोराची हजर व्हायची तारीख मे महिन्यात.

पोरगं मेमध्ये गेलं. खंड्या इथेच आहे.

"मग जूनमध्ये कार्गोने पाठवून द्या", असं मला चार जणांनी सांगितलं. तसं होत नाही. घरचा प्राणी म्हणून न्यायचा तर मालकाच्या प्रवासाच्या पाच दिवस मागे-पुढेच तो गेला पाहिजे, सोबतीला दुसरा माणूस दिला तरी. नाहीतर तो व्यापारी माल धरतात आणि त्याचे नियम आणखी कडक. म्हणजे पोराने रजा काढून यायचं आणि बरोबर घेऊन जायचं. एक समाधान म्हणजे टेस्ट एकदा पास झाली की पुढचे डोस तारीख न चुकवता देत राहायचे, टेस्ट पुन्हा लागत नाही. खंड्या पास आहे, बरं का. तो रिपोर्ट पोराच्या आईने दहावीच्या मार्कशीटशेजारी ठेवलाय.

धर्मराजाने कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला नकार दिला, ही गोष्ट आपण पोरांना सांगतो. इंद्राने त्याला टायटर रिपोर्ट मागितला नव्हता.

आता मुद्द्यावर येतो. एवढा सगळा जाच का? जर्मनांना कुत्री आवडत नाहीत म्हणून नाही. त्यांच्याकडे कुत्री ट्रेनमधून फिरतात, नगरपालिका त्यांच्यावर वर्षाला कर घेते आणि लोक तो भरतात. जाच आहे कारण आपला देश रेबीजच्या बाबतीत धोक्याच्या यादीत आहे. ब्रिटनहून किंवा जपानहून युरोपात येणाऱ्या कुत्र्याला ही टेस्ट आणि तीन महिन्यांची वाट नाही. आपल्याला आहे. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नवे नियम लावले. तिथेही भारत जास्त धोक्याच्या देशांत आहे. इथे लस घेतलेलं कुत्रं ठराविक विमानतळांवरच उतरवता येतं, आणि तिथल्या मान्य केंद्रात आधी जागा राखून ठेवावी लागते. ऑस्ट्रेलिया तर भारतातून थेट कुत्रं घेतच नाही. आधी त्यांना मान्य असलेल्या दुसऱ्या देशात महिनोन् महिने ठेवायचं, मग तिकडे न्यायचं. हे कुणाला परवडणार?

यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही, कारण यादी खोटी नाही. जगात रेबीजने मरणाऱ्या माणसांपैकी साधारण एक तृतीयांश आपल्या देशात मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. लक्षणं दिसू लागली की या रोगातून माणूस जवळजवळ वाचतच नाही. आणि मरणाऱ्यांत लहान पोरं फार. खंड्याच्या व्हिसाला जे आडवं येतंय तेच शाळेतून येणाऱ्या पोराच्या पिंडरीला चावतंय. म्हणून "इथं माणसांचं भागंना आणि यांना कुत्र्याचं पडलंय" अशी कॉमेंट टाकायच्या आधी थोडं थांबा. कुत्र्याला दिलेली लस माणसासाठीच असते.

बरं, हे आपल्याला जमणारं नाही असंही नाही. गोव्यात वर्षानुवर्षं दारोदार आणि गल्लोगल्ली फिरून, जाळीत धरून, कुत्र्यांना लसी दिल्या. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हा हिशोब. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं, देशातलं असं पहिलं राज्य. केंद्राचा आराखडाही त्याच वर्षीचा आहे, कुत्र्यांपासून होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवायचा. २०३० काही फार लांब नाही.

आणि लांब कशाला जायचं, आपल्याच गोठ्यात बघा. आपल्या प्रत्येक गायीच्या कानात पिवळा बिल्ला आहे, बारा आकडी नंबर. जून २०२४ पासून महाराष्ट्रात बिल्ला नसलेलं जनावर बाजारात विकता येत नाही, लोणीच्या बाजारात जाणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. २०२२ ला लंपी आली तेव्हा बाजार बंद झाले, डॉक्टर गोठ्या-गोठ्यात फिरले, लस फुकट होती. कारण गायीमागे दूध आहे, दुधामागे संघ आहे, संघामागे पुढारी आहे. कुत्र्यामागे कोण आहे? गायीला बारा आकडे मिळतात तर कुत्र्याला पंधरा मिळायला काय हरकत आहे? तालुक्याच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात चिप टोचायची सोय झाली आणि लसीच्या शिबिरात चिपचा नंबर कार्डावर लिहिला, तर निम्मं काम तिथंच झालं. बाहेर जाणाऱ्या पोराचा वेळ वाचेल. आणि उद्या कुणी कुत्रं रस्त्यावर सोडलं तर कुणाचं होतं तेही कळेल.

सोडण्याचं बोलायलाच पाहिजे. घर बदललं, बदली झाली, पोरगं परदेशी गेलं की कुत्रं कुठंतरी 'सोडून येणं' ही आपल्याकडे रीत झालीय. ढाब्यापाशी, बाजारतळावर, देवळापाशी. तिथं खायला मिळतं, हे मनाला सांगायचं कारण. शिर्डी ज्या तालुक्यात आहे तिथल्या माणसाला भुकेल्या कुत्र्याला भाकरी घालण्याचं पुण्य शिकवावं लागत नाही. पण भाकरी दुसऱ्याने घालावी म्हणून आपलं कुत्रं नेऊन सोडणं, हे कुठल्या पोथीत बसतं? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात, उपाशी मरेल अशा स्थितीत प्राणी टाकून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या खेपेला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. वडापाव आणि चहा. भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण-लसीकरण नगरपालिका-पंचायतींनी करायचं, असे २०२३ चे नियम सांगतात. पालिकेने करायचं ते करावंच, मी त्यांना सोडत नाहीये. पण एका टोकाने आपण रोज भर घालायची आणि दुसऱ्या टोकाने पालिकेने उपसायचं, हे कधी संपणार?

सरकारने मनावर घेतलं की काय होतं ते २०२२ मध्ये दिसलं. युक्रेनमधून आपली पोरं परत येत होती तेव्हा काहींनी कुत्री-मांजरं सोडून यायला नकार दिला. केरळची एक विद्यार्थिनी तिचं हस्की पिल्लू घेऊन सीमेपर्यंत आली होती, फोटो सगळ्यांनी पाहिले. एरवी परदेशातून कुत्रं आणायचं तर दोन वर्षं बाहेर राहिल्याची अट आणि आधीची परवानगी, असं बरंच काही असतं. सरकारने त्या पोरांसाठी एका वेळची सवलत दिली. बॉम्ब पडत असताना कागद हलला. शांततेत हलायला काय होतं? दहा हजार पोरांचा करार करताना भाषा, व्हिसा, तिकीट सगळ्याचा विचार झाला. कागदांसाठी केंद्राच्या प्राणी संगरोध कार्यालयात जावं लागतं, ते आपल्याला मुंबईला. अख्ख्या देशात अशी शहरं मोजकीच. काकडीला विमानतळ झालाय म्हणून तिथून काम होईल असं समजू नका.

ज्यांचं जायचं ठरतंय त्यांना एकच सांगणं. ए-वनचा क्लास लावाल त्याच आठवड्यात कुत्र्याला चिप टोचा. भाषा शिकायला वर्ष-दीड वर्ष जातंच, तेवढ्यात कुत्र्याचे सगळे कागद निवांत होतात, आणि नाही गेलात तरी लस वाया जात नाही. कुठल्या जातीचं आहे तेही बघा. पिटबुल, बुलटेरियर अशांना जर्मनीत आणायला बंदी आहे. चपट्या नाकाच्या पगला अनेक विमान कंपन्या घेत नाहीत, श्वास कोंडतो. आणि घरमालकाला आधी विचारा.

आता खरं सांगायचं तर प्रत्येकाने न्यावंच असं माझं म्हणणं नाही. आखातात आठ जणांच्या खोलीत राहणाऱ्याने कुठून न्यावं? म्हातारं कुत्रं विमानाच्या पोटात कोंडून नेण्यात माया किती आणि हट्ट किती, हाही प्रश्न आहे. आणि खंड्याचं तर मलाच कळेनासं झालंय. इथं पाच एकर मोकळं रान, तिथं तिसऱ्या मजल्यावर एक खोली. पोरगं रात्रपाळीला गेलं की हा एकटा. पोराचं उत्तर ठरलेलं असतं: "काका, तिथं बिबट्या तर नाही."

त्याच्या बापाचं वेगळं आहे. विहिरीवरच्या मोटारीला लाईट रात्रीची असते. पोरगं निघायच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं ओट्यावर बसलो होतो. विषय निघाला तसा तो म्हणाला, "तू चालला. आता कुत्रं बी नेतो. रात्री पाणी धराया माझ्यासंगं कोण?"

पोरगं काही बोललं नाही. मीही नाही.

पिंजरा मात्र करून घेतलाय. कुत्रं आत उभं राहिलं पाहिजे, वळलं पाहिजे, पाय पसरून झोपलं पाहिजे, असा विमानवाल्यांचा नियम. आमच्या सुताराने खंड्याचं माप घेतलं तेव्हा निम्मी आळी बघायला जमली होती. आधीपासून सवय लागावी म्हणून तो पडवीत ठेवलाय, दार काढून. पहिले आठ दिवस खंड्या आत पाऊल टाकेना. आता त्याची भाकर आतच ठेवतात, बाप स्वतः ठेवतो, संध्याकाळी, मोटार चालू करायला जायच्या आधी. पोरगं दिवाळीत येतंय.