कर्जतची सावली, कोपरगावची सावली

आठवीच्या गणितात समांतर रेषा आणि छेदिका भेटतात, नववीच्या भूमितीत त्या पुन्हा येतात. दोन रेषा, त्यांना तिरकी छेदणारी तिसरी, एका कोनात ११०° लिहिलेलं आणि दुसऱ्यात ‘क्ष’. संगत, व्युत्क्रम, आंतरकोन ही नावं पोरं घोकतात खरी. पण उत्तर ७० तरी असणार नाही तर ११०, हे हुशार पोरांनी केव्हाच ताडलेलं असतं. कोन किंचित मोठा दिसला की ११०, झालं गणित. रेषा समांतर आहेत हे तर प्रश्नातच छापलेलं. डोकं चालवायची जागा तीच होती, ती आपण आधीच भरून देतो.

ग्रीक गणिती इराटोस्थेनिसला इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हे कुणी छापून दिलं नव्हतं. सूर्य इतका लांब की त्याचे किरण सगळीकडे समांतरच पडणार, हे त्यानं धरून चालायचं ठरवलं. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भरदुपारी सायीनला, म्हणजे आजच्या आस्वानला, सावली नाहीशी होई आणि अलेक्झांड्रियात मात्र किरण उभ्या काठीशी सुमारे ७.२° कोन करी. व्युत्क्रम कोन समान, म्हणून पृथ्वीच्या केंद्रापाशी या दोन गावांमधला कोनही तेवढाच. तो पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग. गावांमधल्या अंतराला ५० ने गुणलं की पृथ्वीचा परीघ हातात.

यासाठी इजिप्तला जायला नको. क्षेत्रफळानं राज्यात सर्वांत मोठा असलेला अहिल्यानगर जिल्हा (जुन्या सवयीनं नगर) एवढ्या कामाला पुरतो. दक्षिणेला कर्जत साधारण १८.५५° अक्षांशावर, उत्तरेला कोपरगाव १९.८८° वर. दोन्हीकडच्या शाळांनी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, ओळंबा लावून मीटरभर काठी सरळ उभी करावी. सावली सर्वांत आखूड होते तो क्षण आपल्याकडे त्या दिवशी बाराला येत नाही, पाऊण वाजण्याच्या सुमारास येतो. म्हणून अर्धा तास खुणा करत राहावं. कर्जतला सावली ५० सेंटिमीटरच्या आसपास भरेल, कोपरगावला ५३ च्या. कोन अनुक्रमे २६.६° आणि २७.९°.

इथे सावली कुठेच नाहीशी होत नाही, म्हणून कागदावर एक रेषा जास्तीची काढावी लागते: पृथ्वीच्या केंद्रातून, सूर्यकिरणांना समांतर. दोन्ही काठ्या खाली केंद्रापर्यंत वाढवल्या की त्या छेदिका होतात, आणि दोन व्युत्क्रम कोनांची वजाबाकी हा केंद्रापाशी हवा असलेला कोन. तो निघतो सुमारे १.३३°. दोन गावांमधलं उत्तर-दक्षिण अंतर साधारण १४८ किलोमीटर. ते नकाशावर रेखांशाच्या दिशेनंच मोजायचं, रस्त्यानं मोजलं तर सगळंच बिघडेल. ३६० ला १.३३ ने भागून १४८ ने गुणलं की ४०,००० किलोमीटर. दोन्ही गावं एका रेखांशावर नाहीत, अशी शंका कुणी काढेल. आस्वान आणि अलेक्झांड्रियाही नाहीत.

उत्तर मात्र इतकं नेटकं येणार नाही. दोन सावल्यांत फरक जेमतेम तीन सेंटिमीटरचा, त्यात सावलीची कडा धूसर. अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली तर परीघ कधी ३४ हजार येईल, कधी ४८ हजार. मग काठी दोन मीटरची घ्यावी का, कोपरगावचा ओळंबा वाऱ्यानं हलला का, दहा शाळांची सरासरी काढावी का, यावर दोन्हीकडची पोरं फोनवर भांडतील. नववीच्या गणितात अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण असतात. त्यातले काही या भांडणाला द्यायला हरकत नसावी.